विनोबांचे दोन नकार

आचार्य विनोबा भावे यांनी औषध नाकारल्याचे दोन प्रसंग प्रसिद्ध आहेत. पहिला डिसेंबर १९५२चा, तेव्हाच्या बिहारमधल्या चांडिल गावातला. दुसरा नोव्हेंबर १९८२चा, वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमातला. पहिल्या वेळी त्यांनी अखेर औषध घेतले आणि त्यानंतर अकरा वर्षांहून अधिक काळ ते देशभर चालत राहिले. दुसऱ्या वेळी नकार कायम ठेवला आणि काही दिवसांत देह ठेवला. लोकांच्या लक्षात राहिला तो दुसरा प्रसंग. घरातल्या आजारी माणसाने गोळी नको म्हटले, की कुणीतरी विनोबांचा दाखला देतो तो त्यामुळेच. पण दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहिले, तर आजार, मेंदू आणि निर्णय यांच्या नात्याबद्दल बरेच काही शिकण्यासारखे आहे.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोदे गावी झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला होते, त्यामुळे शिक्षण तिकडे झाले. लहानपणापासून पाठांतर दांडगे. संतांचे अभंग, संस्कृत श्लोक, गणित या सगळ्यांत बुद्धी सारखीच चाले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण मध्येच सुरतेला उतरला आणि काशीला गेला. त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्याची गांधीजींशी भेट झाली. पुढच्या वर्षी आश्रमातून रजा घेऊन विनोबा वाईला गेले. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे त्यांनी शास्त्रांचा अभ्यास केला आणि बिघडलेली प्रकृतीही सुधारून घेतली.

साथीच्या रोगाने त्यांच्या घरावर घाला घातला तो १९१८ साली. त्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाने भारतात एक कोटीहून अधिक माणसे गेली. बडोद्याला विनोबांच्या आई रुक्मिणीबाई आजारी पडल्या. गांधीजींच्या सांगण्यावरून विनोबा घरी गेले, पण आई त्या आजारातून उठल्या नाहीत. अंत्यसंस्कार भटजींच्या हातून करण्याला विनोबांचा विरोध होता, म्हणून ते स्मशानात गेले नाहीत. आईला गीता मराठीत समजावी अशी इच्छा होती. ती त्यांनी पुढे १९३०-३१मध्ये गीताई लिहून पूर्ण केली. इन्फ्लुएंझाच्या विषाणूवर त्या काळी कोणतेच औषध नव्हते. घेण्या-न घेण्याचा प्रश्नच नव्हता. चौतीस वर्षांनी चांडिलला परिस्थिती अगदी वेगळी होती.

पवनारची कुदळ

१९२१ साली विनोबा वर्ध्याला आले. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी त्यांना इथल्या आश्रमाची जबाबदारी दिली होती. सूत कातणे, शेती, शिकवणे, तुरुंगवास आणि अपुरा आहार यांत पुढची वर्षे गेली. १९३८पर्यंत शरीर पार खंगले. वजन ८८ पौंड, म्हणजे सुमारे ४० किलो उरले. गांधीजींनी त्यांना हवापालटासाठी एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जायला सुचवले. विनोबांनी त्याऐवजी वर्ध्यापासून काही मैलांवर, धाम नदीच्या काठी असलेला जमनालालजींचा पवनारचा बंगला निवडला.

तिथे त्यांनी स्वतःवर जो उपचार केला, तो आजचा कोणताही डॉक्टर मान्य करील. डोक्यातली कामांची ओझी खाली ठेवली, आहार नियमित केला आणि शेतात खणायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी अगदी थोडी मिनिटे, मग रोज थोडी थोडी वाढ. दीर्घ आजारानंतर व्यायाम असाच वाढवायचा असतो. काही महिन्यांत वजन चांगले वाढले. याच खणण्यात जमिनीतून जुनी शिल्पे निघाली. त्यातल्या भरत-राम भेटीच्या शिल्पाला पुढे आश्रमात मानाची जागा मिळाली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात झाली, तेव्हा गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांना निवडले. तो सत्याग्रह त्यांनी पवनारातूनच केला. दोन वर्षांपूर्वी ज्याच्या अंगात त्राण उरले नव्हते, तोच हा माणूस.

पुढच्या तुरुंगवासात, वेल्लोरच्या जेलमध्ये, त्यांनी दक्षिणेतल्या भाषांचा अभ्यास केला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर नव्या लिपी, नवे शब्द आणि नवे व्याकरण आत्मसात करणे हे मेंदूचे मोठे काम आहे. लक्ष एकाग्र करणे, आठवणीत साठवणे, हवे तेव्हा आठवणे आणि एका भाषेतून दुसरीत सहज जाणे या सगळ्या क्षमता त्यात लागतात. पदयात्रेत रोज नव्या गावी नव्या माणसांशी बोलताना हेच भांडवल त्यांच्या कामी आले.

कळत नाही तेच दुखणे

पवनारजवळच, वर्ध्याच्या दत्तपूर येथे, विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम सुरू केले. कुष्ठरोगाला तेव्हा समाजात माणूसपण नाकारले जाई. या कामाला विनोबांचा पाठिंबा होता.

कुष्ठरोगाचे जंतू त्वचेबरोबर हातापायांच्या मज्जातंतूंवर हल्ला करतात. चट्टा बधिर होतो. टाचणी टोचली, चटका बसला तरी कळत नाही. इजा झाल्याची बातमी मेंदूपर्यंत नेणारी तारच तुटलेली असते. त्यामुळे रोगी म्हणतो की मला काहीच त्रास नाही, आणि रोग वाढत राहतो. इथे रुग्णाला वाटते त्यावर विसंबून चालत नाही. त्याला दुसऱ्याने तपासावे लागते.

संसर्ग मज्जातंतूंऐवजी खुद्द मेंदूतच शिरला, तर हीच अडचण कितीतरी मोठी होते. तिथे नुसती वेदना हरवत नाही. आपल्याला काय झाले आहे, औषध घ्यावे की नको, हे ठरवणारी शक्तीच आधी ढासळू लागते.

चांडिलचा हिवताप

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदान चळवळ सुरू झाली. त्याच सप्टेंबरात विनोबा पवनारहून दिल्लीला पायी निघाले. सप्टेंबर १९५२मध्ये ते बिहारात पोचले. वय सत्तावन्न. पोटातल्या जुन्या अल्सरमुळे आहार अगदी मोजका. रोज पहाटे उठून मैलोन्‌मैल चालणे. त्या डिसेंबरात, आज झारखंडमध्ये असलेल्या चांडिलला, त्यांना घातक प्रकारच्या हिवतापाने गाठले. सुरुवातीला त्यांनी औषध घ्यायला नकार दिला.

ज्या परजीवीमुळे हा घातक मलेरिया होतो, त्याचे नाव प्लास्मोडियम फाल्सीपेरम. साध्या मलेरियाचा परजीवी माणसाला थंडीतापाने हैराण करतो, पण सहसा जीव घेत नाही. फाल्सीपेरमची रीत वेगळी आहे. तो ज्या लाल पेशीत शिरतो, तिच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिने आणून ठेवतो. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. मेंदूतल्या केशवाहिन्या अशा तुंबल्या की मेंदूच्या भागांना प्राणवायू आणि साखर कमी पडते. त्यातच आजारामुळे रक्तातली साखरही उतरू शकते. रोगी असंबद्ध बोलू लागतो, चिडतो, माणसे ओळखत नाही. मग झटके येतात आणि शुद्ध हरपते. ताप सुरू झाल्यापासून इथपर्यंतचा प्रवास कधी कधी एक-दोन दिवसांत होतो. मेंदूपर्यंत पोचलेल्या मलेरियात उपचार न मिळाल्यास वाचण्याची आशा फार थोडी असते. उत्तम उपचार मिळूनही अशा शंभर रुग्णांतले पंधरा ते वीस दगावतात. जी मुले वाचतात, त्यांच्यापैकी अनेकांमध्ये लक्ष, स्मरण, भाषा किंवा हालचाल यांत पुढेही उणीव राहते.

म्हणजे चांडिलला वेळ मोजका होता. विनोबांची शक्ती झपाट्याने उतरत होती. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आणि पंतप्रधान नेहरू यांनी औषध घेण्याची विनंती केली. बिहारचे मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिंह यांनी स्वतः चांडिलला येऊन आर्जव केले. अखेर विनोबांनी औषध घ्यायला मान्यता दिली. ताप उतरला. अशक्तपणामुळे मुक्काम लांबला, आणि मार्च १९५३मधले सर्वोदय संमेलन चांडिललाच भरले. त्यानंतर यात्रा पुन्हा सुरू झाली.

या घटनेकडे कुणी व्रत मोडले म्हणून पाहतो, कुणी मोठ्यांच्या आग्रहाचा विजय म्हणून. वैद्यकीय नजरेने पाहिले, तर महत्त्वाचे आहे ते हे की विनोबांनी मत बदलले ते शुद्धीत असताना, लोकांचे म्हणणे ऐकून, स्वतः. आणखी एखादा दिवस गेला असता, तर होकार किंवा नकार देण्याची क्षमताच कदाचित उरली नसती. आजार बरा होणारा होता, औषध हाताशी होते आणि काम अर्ध्यावर होते. त्या एका होकारानंतर बिहार, ओडिशा, दक्षिण भारत, काश्मीर, आसाम अशी यात्रा झाली. १९५८मध्ये सामाजिक नेतृत्वाचा पहिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६०मध्ये चंबळच्या खोऱ्यातल्या दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. एप्रिल १९६४मध्ये ते पवनारला परतले, तोवर तेरा वर्षे झाली होती. चळवळीत मिळालेल्या जमिनीची बेरीज चाळीस लाख एकरांच्या वर जाते. यातला मोठा भाग चांडिलनंतरचा आहे.

योगायोग असा, की विनोबा बरे होऊन चालू लागले त्याच वर्षी, १९५३मध्ये, देशात राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख दगावत असा अंदाज होता. आज आकडे कितीतरी खाली आले आहेत. पण विदर्भात, विशेषतः गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, फाल्सीपेरम अजून आहे. आता आर्टेसुनेटसारखी प्रभावी औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ताप आलेला माणूस बरळू लागला, सुस्त झाला किंवा अचानक विचित्र वागू लागला, तर सकाळची वाट पाहायची नसते. आणि अशा वेळी त्याने दवाखाना नको म्हटले, तर तो नकार त्याचा आहे की तापाचा, हे आधी पाहायचे असते.

हळू चालणारा संसर्ग

फाल्सीपेरम दिवसांत मेंदू गाठतो आणि घरच्यांना ते दिसते. काही संसर्ग मात्र मेंदूत गुपचूप शिरतात. विनोबांचे निधन झाले त्याच वर्षी, सप्टेंबर १९८२मध्ये, अमेरिकेत एका नव्या आजाराला एड्स हे नाव मिळाले. त्याचा विषाणू, एचआयव्ही, पुढच्या वर्षी सापडला. १९८६मध्ये तो चेन्नईत आढळला. १९८९-९०मध्ये मणिपुरात सुईने नशा करणाऱ्या तरुणांमध्ये तो वेगाने पसरला.

पुढच्या संशोधनातून कळले, की शरीरात शिरल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच हा विषाणू मेंदूभोवतीच्या द्रवात पोचू शकतो. संसर्ग झालेल्या पांढऱ्या पेशींबरोबर तो आत जातो आणि तिथे सूज धरून ठेवतो. तो चेतापेशींना थेट मारत नाही. सुजेमुळे आणि विषारी द्रव्यांमुळे त्यांचे आपसातले दळणवळण बिघडते. सुरुवातीला रोग्याला एवढेच जाणवते, की विचार मंदावला आहे, दोन कामे एकदम जमत नाहीत, नावे आठवत नाहीत, कशात मन लागत नाही. अनेकांना तेही जाणवत नाही. बारकाईच्या चाचण्या केल्या तरच ते दिसते.

सुईने नशा करणाऱ्या माणसात हे ओळखणे आणखी अवघड. अफूवर्गीय पदार्थ स्वतःच लक्ष आणि स्मरण मंद करतात. जोडीला कावीळ क चा संसर्ग, कुपोषण, जास्त डोसमुळे श्वास मंदावून मेंदूला कमी पडलेला प्राणवायू, डोक्याला झालेली जुनी इजा असते. घरचे म्हणतात, नशेनेच डोके गेले आहे. डॉक्टरही पुष्कळदा तिथेच थांबतात. मग हा माणूस तारखेला येत नाही, गोळ्या विसरतो, समुपदेशन अर्धवट सोडतो, आणि त्याला औषध नकोच आहे असा शेरा बसतो. खरे तर गोळ्या वेळेवर घेण्यासाठी ज्या क्षमता लागतात, त्याच या आजाराने आणि नशेने आधी कमी केलेल्या असतात. दत्तपूरच्या रुग्णाला चटका कळत नसे. या रुग्णाला आपले विसरणे कळत नाही.

उपाय आहेत. भारतात एचआयव्हीची औषधे एप्रिल २००४पासून सरकारी केंद्रांवर मोफत मिळू लागली. २०१७पासून निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आहे. औषध जितके लवकर सुरू होईल, तितका मेंदूही जास्त जपला जातो. एचआयव्हीमुळे होणारा तीव्र स्मृतिभ्रंश पूर्वी बराच दिसे, तो नियमित औषधामुळे आता क्वचित आढळतो. सौम्य उणिवा मात्र राहू शकतात. नशेसाठी तोंडाने घ्यायचे पर्यायी औषध आणि स्वच्छ सुया पुरवण्याचे सरकारी कार्यक्रम आहेत. माहितीसाठी १०९७ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. अशा रुग्णाने नकार दिला, तर तो एकदा ऐकून फाइल बंद करू नये. नशेचा अंमल नसताना पुन्हा विचारावे, थोडक्यात आणि सोप्या शब्दांत सांगावे, गोळीची वेळ आठवून देणारे माणूस सोबत जोडून द्यावे. चांडिलला विनोबांना किती जणांनी किती वेळा विचारले, हे आठवावे. ज्याच्यासाठी कुणी मंत्री येणार नाही, त्याच्यासाठी तेवढा आग्रह धरणे हे दवाखान्याचे आणि घरच्यांचे काम आहे.

दुसरा नकार

१९५९मध्ये विनोबांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. साधिकांनी सामूहिक जीवन जगत चालवलेला हा आश्रम. १९७०मध्ये त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे पवनार सोडून कुठे जायचे नाही असे ठरवले. डिसेंबर १९७४पासून वर्षभर मौन पाळले. आणीबाणीच्या काळातल्या त्यांच्या भूमिकेवर कडक टीका झाली, ती आजही होते. १९७९मध्ये गोहत्याबंदीसाठी उपोषण केले. शरीर थकत गेले, पण वाचन, चिंतन आणि भेटायला आलेल्यांशी संवाद चालू राहिला.

नोव्हेंबर १९८२च्या पहिल्या आठवड्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी उपचार सुरू केले. थोड्याच दिवसांत विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले. याही वेळी विनंत्या झाल्या. याही वेळी मोठमोठी माणसे पवनारला आली. या वेळी मात्र ते बदलले नाहीत. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, सत्त्याऐंशीव्या वर्षानंतर ते गेले. धाम नदीच्या काठीच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाला.

त्या निर्णयावर तेव्हा वाद झाला आणि पुढेही होत राहील. अन्नपाणी सोडणे योग्य की नाही, याचे उत्तर वैद्यकशास्त्र एकटे देऊ शकत नाही. पण चांडिलशी तुलना करता फरक स्पष्ट दिसतो. चांडिलला आजार पूर्ण बरा होण्यासारखा होता. पवनारला वय सत्त्याऐंशी होते आणि हृदय थकले होते. चांडिलचा आजार विचारशक्तीवरच चालून जाणाऱ्या जातीचा होता. पवनारचा निर्णय हा आदल्या अनेक वर्षांत एकेक गोष्ट सोडत आलेल्या, भान शाबूत असलेल्या माणसाचा होता. आणि भोवतालच्या सगळ्यांना त्याची जन्मभराची विचारसरणी माहीत होती.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी, बरे होण्याची आशा नसताना केवळ जीव लांबवणारे उपचार नाकारण्याचा हक्क मान्य केला. असा निर्णय शुद्धीत असताना आधीच लेखी देऊन ठेवता येतो. २०२३मध्ये त्याची पद्धत आणखी सोपी झाली. कायद्याने जे आता मागितले आहे, ते साधे आहे: माणूस सज्ञान असावा, त्याचे भान ठीक असावे, त्याच्यावर दबाव नसावा आणि परिणाम त्याला समजलेले असावेत.

घरात आजारी माणूस औषध नको म्हणतो, तेव्हा विनोबांचे नाव घेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. हा आजार औषधाने बरा होणारा किंवा आटोक्यात राहणारा आहे का? ताप, संसर्ग, नशा, उतरलेली साखर किंवा खोल नैराश्य यांनी विचारशक्तीवर परिणाम केला आहे का? आणि हेच मत त्याने प्रकृती ठीक असतानाही मांडले होते का? पहिल्या दोन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर हो असेल, तर नकारावर तिथेच शिक्कामोर्तब करू नये. आधी तपासणी करावी, मेंदू ताळ्यावर येईल असे उपचार करावेत आणि मग पुन्हा विचारावे. सत्तावन्न वर्षांच्या विनोबांनाही पुन्हा विचारावे लागले होते, आणि त्यांनी उत्तर बदलले होते.